थोडक्या मतांचा मोठा निकाल

अमेरिकेत २००० साली फ्लोरिडा राज्यातल्या अवघ्या ५३७ मतांनी जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले. ही गोष्ट दूरची वाटते, पण आपल्या पनवेलच्या शेजारीही असेच घडले आहे. पनवेलकर लोकसभेसाठी मावळमध्ये मतदान करतात. पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड मात्र रायगड मतदारसंघात येतात. तेथे २०१४ मध्ये शिवसेनेचे अनंत गीते यांनी राष्ट्रवादीचे सुनील तटकरे यांना केवळ २,११० मतांनी हरवले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे नावाचे एक अपक्षही उभे होते. त्यांना नऊ हजारांहून अधिक मते पडली. त्यांतली चुकून किती पडली, हे मतदानयंत्र सांगत नाही. पुढच्याच वर्षी निवडणूक आयोगाने यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र लावण्याचा निर्णय घेतला.

२०२४ मध्ये मालेगाव मध्यची आमदारकी तर १६२ मतांनी ठरली. एवढी मते एका मोहल्ल्यातही असतात. म्हणून लग्न होऊन आलेली सून, नुकताच अठराचा झालेला मुलगा, भाड्याचे घर बदललेले कुटुंब, सर्वांनी यादीत आपले नाव आहे ना, हे निवडणूक लागण्याआधीच पाहावे. आणि बटण दाबताना नाव, छायाचित्र व निशाणी, तिन्ही नीट पाहावीत.