अंगणातील शहाबादी फरशी : तळ पक्का तर फरशी पक्की

घरापुढील अंगण व परसातील बाग यांमध्ये ये-जा करण्यासाठी फरसबंद वाट असावी, अशी इच्छा पुणे शहराप्रमाणेच आसपासच्या खेड्यांतील कुटुंबांनाही असते. पावसाळ्यात चिखल होत नाही, घर स्वच्छ राहते आणि धान्य वाळविण्यासही जागा मिळते. परंतु पुष्कळदा असे आढळते की, एक-दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच फरशा डगमगू लागतात, कोपरे तुटतात व सांध्यांतून गवत डोकावते. दोष फरशीला दिला जातो. वस्तुतः बिघाडाचे मूळ बहुधा फरशीखाली, डोळ्यांआड असते.

प्रस्तुत लेखकास हा धडा स्वतःच्याच घरी मिळाला. पुण्यातील आमच्या बागेत काळी माती नुसती सपाट करून, प्रत्येक फरशीखाली मालाचे पाच गोळे ठेवून वाट तयार केली होती. दुसऱ्या पावसाळ्यात एका फरशीची कड वर उचलली गेली. तिला अडखळून आमच्या मातोश्री पडल्या व त्यांचे मनगट मोडले. पुढे फरशा उखडून पाहिल्या, तेव्हा गोळ्यांमधील पोकळीत पाणी साचलेले व खालची माती लोण्यासारखी झालेली आढळली.

फरशी का हलते?

काळ्या मातीतील चिकण अंश पाणी शोषून फुगतो आणि उन्हाळ्यात आकसून मातीला भेगा पडतात. हे शेतकरी बंधूंना सांगावयास नकोच. अशा मातीवर बसविलेली फरशी दरवर्षी वर ढकलली जाते व पुन्हा खाली बसते. सिमेंटचा थर ताठ असतो. तो वाकत नाही, तडकतो. तेव्हा फरशीखाली पाणी साचू न देणे व फुगणारी माती न ठेवणे, या दोन गोष्टींवर सर्व काम अवलंबून आहे.

फरशीची निवड

आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेली शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते. ती चुनखडकाची असते. बागेसाठी सव्वा ते दीड इंच जाडीची व खडबडीत पृष्ठभागाची फरशी घ्यावी. गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरले की पाय घसरतो. बोटाच्या पेराने ठोकल्यावर खणखणीत आवाज देणारी फरशी चांगली. बद्द आवाज आल्यास आत चीर असण्याचा संभव असतो. दोन फूट चौरस फरशीचे वजन तीस किलोच्या आसपास भरते, म्हणून ती दोघांनी मिळून उचलावी.

पाया

प्रथम दोरी व गुण्या लावून वाटेची आखणी करावी. टेकडीच्या उतारावर मुरूम लवकर लागतो. तेथे सहा इंच खोदाई पुरते. काळी माती दीड-दोन फुटांच्या आत संपत असेल, तर ती सर्व काढून मुरूम भरावा. नदीकाठच्या भागाप्रमाणे ती फार खोल असेल, तर सिमेंटच्या बैठकीचा आग्रह धरू नये. तेथे मुरूम व वाळूच्या थरावर फरशा सुट्या बसवून सांधे वाळूने भरावेत. जमीन हलली तरी अशा फरशा उचलून पुन्हा बसविता येतात.

सिमेंटच्या बैठकीखाली मुरमाचा थर धुमसून चार इंच जाड व्हावा. मुरूम दोन थरांत पसरावा आणि प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावा. टाचेचा ठसा उमटेनासा झाला की थर पक्का झाला असे समजावे.

उतार

उतार मुरमाच्या थरातच द्यावा. तो मागाहून मालाच्या जाडीने साधू नये. दर दहा फुटांस दोन इंच उतार पुरेसा होतो. तो घरापासून दूर असावा. फरशीची पातळी जोत्याच्या माथ्यापेक्षा निदान सहा इंच खाली ठेवावी, अन्यथा भिंतींत ओल चढते. पाणसळ व ओळीची दोरी प्रत्येक फरशीस लावून पाहावी.

माल व बैठक

एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू हे प्रमाण बागेतील वाटेस योग्य आहे. वाळू नदीची असो वा दगड दळून केलेली, तिच्यात माती नसावी. त्याची परीक्षा सोपी आहे. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू व वर चिमूटभर मीठ घातलेले पाणी घेऊन हलवावे व तीन तास स्थिर ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागाहून अधिक असल्यास वाळू धुऊन घ्यावी.

माल मुठीत दाबला असता गोळा व्हावा, परंतु बोटांतून पाणी गळू नये. अर्ध्या-पाऊण तासात संपेल इतकाच माल एका वेळी कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालावेत.

मुरूम ओला करून त्यावर दीड इंच जाडीचा माल सलग पसरावा. गोळे ठेवू नयेत. फरशी पाण्याने भिजवून तिच्या पाठीस सिमेंटचा पातळ लगदा लावावा, ती सरळ खाली ठेवावी आणि लाकडी हातोडीने मध्यापासून कडेकडे ठोकावी. कोठेही पोकळ आवाज आल्यास संकोच न करता फरशी लगेच उचलून माल भरावा. दोन फरशांत पाव ते तीन अष्टमांश इंच अंतर ठेवावे.

दर्जा भरणे व पाणी मारणे

दुसऱ्या दिवशी एकास तीन प्रमाणाच्या मालाने दर्जा भराव्यात व फरशीवरील डाग ओल्या गोणपाटाने तत्काळ पुसावेत. काम सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. पहिले तीन दिवस त्यावर पाय देऊ नये आणि वजनदार वस्तू दोन आठवडे नेऊ नये. फरशी स्वच्छ करण्यासाठी ॲसिड कदापि वापरू नये. चुनखडक आम्लात विरघळतो. लिंबू व चिंचेच्या रसानेही डाग पडतात.

झाडांचा हिस्सा

पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हिशेबाने 100 चौरस फूट फरशीवर साडेसहा हजार लिटरांच्या आसपास पाणी पडते. ते गटारात जाऊ देण्याऐवजी उतार फुलझाडांच्या वाफ्याकडे किंवा शोषखड्ड्याकडे द्यावा. झाडाच्या बुंध्याभोवती निदान तीन फूट चौरस जागा मोकळी ठेवावी, कारण मुळांना हवा व पाणी दोन्ही लागतात. सिमेंट लागलेली घमेली धुतलेले पाणीही वाफ्यात ओतू नये.

साहित्याचा अंदाज

100 चौरस फुटांस दोन फूट चौरस फरशा 25 लागतात. तुटफूट धरून 27 घ्याव्यात. मुरूम सुमारे अर्धा ब्रास, बैठकीस सिमेंटच्या दोन गोण्या व 14 घनफूट वाळू आणि दर्जांसाठी सिमेंटची आणखी अर्धी गोणी लागते.

गोठ्यातील जमीन किंवा हातपंपाभोवतीचा ओटा यांसही हीच रीत लागू पडते. मात्र गोठ्यात नालीकडे उतार अधिक, म्हणजे दर दहा फुटांस तीन इंच ठेवावा. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी असे काम चालू असेल तेथे फरशी बसण्यापूर्वी एकदा जाऊन मुरूम व उतार पाहावा. फरशी बसल्यानंतर तळ दिसत नाही आणि तळातील चूक दुरुस्त करावयाची, तर सर्व काम उखडावे लागते.