पर्यटन व्यवसाय आणि पूर्वनियोजन

बालरोगतज्ज्ञाने पर्यटनावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांत कोणी अतिथिगृह चालवतो, कोणी टॅक्सी ठेवतो, तर कोणी निवृत्तीची पुंजी चार खोल्या बांधण्यात गुंतवतो. या व्यवसायाचे चढउतार शेवटी आपल्याच घरापर्यंत पोहोचतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दुकानातले आज न खपलेले कापड उद्या विकता येते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली मात्र उद्या विकता येत नाही. ती मिळकत कायमची बुडते. कर्जाचे हप्ते आणि नोकरांचे पगार चालूच राहतात. त्यामुळे मिळेल त्या दराने खोली भरण्याकडे मालकाचा कल होतो, आणि नेमके येथेच नियोजन मागे पडते.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९८७ च्या सुमारास युरोपातून चार्टर विमाने थेट दाबोळीस येऊ लागली. परदेशी सहल कंपन्या प्रवास व मुक्काम एकत्र विकत आणि त्यासाठी येथील खोल्या हंगामापूर्वीच घाऊक दराने राखून ठेवत. खोल्या भरण्याची चिंता मिटली, हे खरे. परंतु दर ठरविण्याची ताकद आणि ग्राहकाशी थेट नाते ही दोन्ही कंपनीच्या हाती गेली. २०१४ च्या अखेरीस रूबल घसरला, तेव्हा रशियन पाहुणे रोडावले. सप्टेंबर २०१९ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, ब्रिटनमधील थॉमस कुक कंपनी बंद पडली (त्याच नावाची भारतातील कंपनी वेगळी आहे). पाठोपाठ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. २०१९ साली गोव्यात नऊ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. २०२३ साली ही संख्या साधारण निम्म्यावर होती. ज्यांचा सारा डोलारा एकाच देशावर वा एकाच कंपनीवर उभा होता, त्यांच्यापाशी दुसरा आधार नव्हता.

तेव्हा नियोजन म्हणजे नेमके काय? माझ्या मते तीन प्रश्नांची लेखी उत्तरे. आपला पाहुणा कोण? तो किती वाटांनी आपल्यापर्यंत पोहोचतो? आणि एक हंगाम बुडाला, तर आपण किती महिने तग धरू शकतो?

या उत्तरांना हिशोबाची जोड हवी. समजा, दहा खोल्यांचे अतिथिगृह आहे आणि महिन्याचा ठरलेला खर्च दीड लाख रुपये आहे. एका खोलीमागे एका रात्रीस वरखर्च वजा जाता हजार रुपये उरत असतील, तर महिन्याच्या तीनशेपैकी दीडशे रात्री भरल्या की खर्च निघतो. घाईने दर उतरवून पाचशेच उरू लागले, तर तीनशेही रात्री भरून हाती काहीच राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र धंदा जोरात चालला आहे असेच वाटते.

नियोजनाचा दुसरा भाग म्हणजे रिकाम्या महिन्यांचा विचार. पावसाळ्यात किनारे ओस पडतात, पण त्याच काळात फोंडा परिसरातील कुळागरे हिरवीगार असतात, माशेलचा चिखलकालो आषाढात रंगतो. किनारा सोडून आतल्या गोव्याकडे येऊ इच्छिणारा पाहुणा निराळा असतो. त्याच्यासाठी भोजन, वाहन, माहिती यांची तयारी चैत्रातच व्हावयास हवी.

टाळेबंदीचे भाकीत कोणी केले होते, मग नियोजनाचा उपयोग काय, असेही विचारले जाते. कोणत्या बालकास गोवर होईल हे आम्हां डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तरीही लस प्रत्येकास वेळेवर देतो. नियोजनाचे कार्य भविष्य वर्तविणे नसून प्रतिकारशक्ती निर्माण करणे हे आहे. हाताशी सहा महिन्यांची गंगाजळी आणि पाहुण्यांचे दोन-तीन स्वतंत्र स्रोत, ही या व्यवसायाची लस होय.

ही योजना कपाटात ठेवून मात्र भागत नाही. बालकाचे एकदाच घेतलेले वजन फारसे काही सांगत नाही. वाढीच्या तक्त्यावरील रेषा सांगते. तसेच दर तीन महिन्यांनी ठरविलेले आणि घडलेले शेजारी शेजारी मांडून पाहावे. रेषा खाली वळू लागली, की उपाय तेव्हाच करावा.