आधी कंस, मग हिशेब

सोलापूरच्या दुकानात चादर 600 रुपयांची, टॉवेल 150 रुपयांचा. असे चार जोड घेतले, तर बिल किती?

● 600 + 150 * 4 लिहिलं, तर संगणक आधी गुणाकार करतो, उत्तर 1200.
● (600 + 150) * 4 लिहिलं, तर उत्तर 3000. हेच बरोबर.
● शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ शब्दशः धरू नका. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा. जे डावीकडे, ते आधी. म्हणून 10 - 4 + 3 म्हणजे 9, 3 नव्हे. गुणाकार-भागाकारालाही हाच नियम.
● भाषा बदलली की नियमही बदलू शकतो. -3 चा वर्ग पायथनमध्ये -3**2 असा लिहिला तर -9 येतो; एक्सेलमध्ये =-3^2 लिहिलं तर 9.
● अटींमध्ये पायथन, सी, जावा या भाषांत ‘आणि’ आधी, ‘किंवा’ नंतर. ‘चादर किंवा टॉवेल, आणि सुती’ या अटीत कंस नसेल, तर सुती नसलेली चादरही यादीत येते.

कंसाला पैसे पडत नाहीत. शंका आली की कंस घाला. उद्या तुमचा कोड वाचणाराही नीट समजून घेईल.