घरची उपासना : दहा मिनिटांची, पण रोजची



गटाची बैठक संपते, वहीवर सह्या होतात, आणि मग बायका खऱ्या बोलायला लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या भागात ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यातल्या आयांची एक काळजी आम्हाला वारंवार ऐकायला मिळते. पोरं नाताळात नवे कपडे घालून चर्चमध्ये येतात, पण घरी प्रार्थनेला बसा म्हटले की मोबाइल खाली ठेवत नाहीत. आमच्यामागे या घरात प्रभूचे नाव कोण घेणार?

म्हणून आज आपण घरच्या उपासनेविषयी बोलू. ज्या मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत त्यांनीही ऐकावे. तुमच्या घरी हरिपाठ असेल, आमच्या घरी गीत आणि शास्त्र. मुलांपर्यंत ते पोचावे कसे, हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच आहे.

पहिली गोष्ट अशी, की मुलांच्या श्रद्धेची जबाबदारी एकट्या पाळकांची किंवा संडे स्कूलच्या बाईंची नाही. रविवारचा एक तास त्यांचा. बाकीचे सहा दिवस मूल आपल्या डोळ्यांसमोर असते. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात आईबापांना हेच सांगितले आहे : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी देवाच्या वचनांविषयी बोलत जा. म्हणजे शेतावर जाताना बोला, भाकरी थापताना बोला. त्यासाठी वेगळी जागा लागत नाही.

दुसरी गोष्ट खास बायकांसाठी. पौलाने तीमथ्य नावाच्या तरुण सेवकाला पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्रात तो तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ सांगतो, तेव्हा दोन बायकांची नावे घेतो : आजी लोईस आणि आई युनीके. तीमथ्याचे वडील ग्रीक होते आणि आई विश्वास ठेवणारी यहूदी होती, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. म्हणजे ते घर दोन रीतींचे होते. तरी आजीने आणि आईने धरून ठेवले, आणि तीमथ्याला लहानपणापासून शास्त्र कळले. ‘आमचे मालक प्रार्थनेला बसत नाहीत, मग मी एकटी काय करू?’ असे ज्या ताई विचारतात, त्यांनी युनीकेची आठवण ठेवावी.

आता करायचे कसे ते पाहू. दहा मिनिटे पुरतात. सगळे घरात असतील ती वेळ ठरवा. बहुतेक घरांत ती रात्रीच्या जेवणाआधीची असते, कारण जेवणानंतर लेकरे पेंगतात. या दहा मिनिटांत चार कामे करायची.

पहिले, एक गीत. टाळ असतील तर टाळ, नाहीतर टाळ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीच्या चालीवर आणली. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आहेत आणि मराठी मंडळ्यांमध्ये आजही गायली जातात. ज्या आजीला वाचता येत नाही तिला ती तोंडपाठ असतात. गीत सुरू करायचा मान तिला द्या.

दुसरे, एक छोटी गोष्ट. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, १६ अध्यायांचे आहे. रोज एकच प्रसंग वाचावा. शाळेत जाणाऱ्या मुलीने आजीला वाचून दाखवावे. कुणालाच वाचता येत नसेल तर तोंडी सांगा. येशूने सांगितलेले कितीतरी दाखले आपल्या घरातलेच आहेत. एका बाईचे नाणे हरवते, ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. दुसरी बाई तीन मापे पिठात खमीर मिसळते. हे समजायला बायकांना भाषण लागत नाही.

तिसरे, एक प्रश्न. ‘यातले तुला काय आवडले? काय पटले नाही?’ एवढेच विचारा आणि गप्प बसून ऐका. मूल कधी अवघड विचारते : देव आहे तर पाऊस का पडला नाही? आपण प्रार्थना केली तरी बाबा का गेले? अशा वेळी ‘असे विचारू नये’ म्हणून त्याला दटावू नका. शास्त्रातल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे देवाकडे केलेली गाऱ्हाणी आहेत. विलापगीत नावाचे एक अख्खे पुस्तक आहे. थोमाने शंका घेतली तर प्रभूने त्याला हाकलले नाही, जखमा दाखवल्या. उत्तर येत नसेल तर ‘मलाही ठाऊक नाही, आपण पाळकांना विचारू’ म्हणावे. त्याने आईचा मान कमी होत नाही.

चौथे, प्रार्थना. प्रत्येकाने आपल्या शब्दांत एकच वाक्य बोलावे. एकाने उपकार मानावेत, एकाने शेजारच्या आजाऱ्यासाठी मागावे, कुणी भावाला मारले असेल तर त्याची क्षमा मागावी. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी. लांबलचक प्रार्थनेने मुले कंटाळतात. घरच्या बोलीत बोललात तरी देवाला कळते.

मैत्रिणींनो, गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पाचही ठिकाणी शब्द एकच : नियमित. एकदम मोठी रक्कम भरून कुठलाही गट उभा राहिला नाही. घरच्या उपासनेचेही तसेच आहे. महिन्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे मुरतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचे, दंड नाही.

ऊसतोडीला गेलेल्या घरांत आईबाप कोपीवर आणि लेकरे आजीकडे असतात. काही मुले बोर्डिंगमध्ये असतात. त्यांनी एक वेळ ठरवावी. फोन लागला तर फोनवर एक वाक्याची प्रार्थना करावी. नाही लागला तरी त्या वेळी आपली आई आपले नाव घेते आहे, एवढे लेकराला ठाऊक असणे फार मोठे असते.

आता जरा नाजूक गोष्ट. श्रद्धा जबरदस्तीने देता येत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही काळ दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आले तरी सोवळे-ओवळे लक्ष्मीबाईंच्या मनात होतेच. ते त्यांनी स्वतः विचार करून सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने लिहिले आहे. पुढे याच लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेले. पाच वर्षे लागली, पण जे आले ते त्यांचे स्वतःचे होते. दुधाला विरजण लावले की भांडे सारखे हलवून बघायचे नसते. मोठ्या मुलाने ‘मी नाही बसत’ म्हटले तर जेवण बंद करू नका, टोमणे मारू नका. त्याची जागा चटईवर मोकळी ठेवा आणि आपले चालू ठेवा.

मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त. प्रार्थना करून उठल्यावर आपण शेजारणीची निंदा केली, मापात मारले, सुनेला घालूनपाडून बोललो, तर मुलांच्या मनात काय राहील? दोन टोल्या दान टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट सांगायची, तर आपल्या हातून एखाद्या आजारी घरी डबा गेला पाहिजे, आणि तो मुलांच्याच हाती पाठवला पाहिजे.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. आजारासाठी प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. क्षयाच्या किंवा साखरेच्या गोळ्या मध्येच थांबवल्या तर जीवावर बेतते. आणि क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. घरात मारहाण होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करा, गटात सांगा. देवाच्या नावाने बाईला गप्प बसवणे ही उपासना नाही.

या आठवड्यात एवढेच करून पाहा. एक वेळ ठरवा, घरातल्या सगळ्यात लहान मुलाला गीत निवडू द्या आणि मार्कच्या पहिल्या अध्यायातला एक प्रसंग वाचा. पुढच्या बैठकीत कुणाच्या घरी किती दिवस जमले ते एकमेकींना सांगा. तीनच दिवस जमले असतील तर तीन सांगा. सुरुवात म्हणून तीन दिवस चांगले आहेत.