दुधामागची सही

नाशिककरांच्या घरी येणारे सुटे दूध सिन्नर, निफाड, दिंडोरी अशा कुठल्या कुठल्या बाजूंनी निघते. पाच-सात गोठ्यांचे दूध एका कॅनमध्ये पडले की कुणाच्या म्हशीचे कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कायद्याला मात्र त्याची अडचण वाटत नाही. ज्याने माप ओतले तो विकणारा, आणि विकणारा तो जबाबदार.

बँकेच्या नोकरीत मी म्हशींसाठी पुष्कळ कर्जे मंजूर केली. म्हैस घेतली की तिच्या कानात विम्याचा बिल्ला अडकवत, त्यावरून जनावराची ओळख पटे. चेक चार हातांतून फिरला तरी त्याच्या पाठीवर सह्या असतात. घोटाळा झालाच तर त्या वाचत मागे मागे जाता येते. दुधाला ना बिल्ला, ना पाठीवर सही. भेसळीच्या खटल्यांतला पेच मला इथेच दिसतो.

१९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मोठा कठोर होता. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव त्याने मुळातच नाकारला. माल विकणारा दुकानातला नोकरसुद्धा विक्रेताच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगून टाकले. सुटकेची मुख्य वाट म्हणजे ज्याच्याकडून माल घेतला त्याची लेखी हमी. कारखान्याच्या मालाबरोबर बिलावर अशी हमी येते. पहाटेच्या अंधारात कासंडीतले दूध मापून देणारा शेतकरी कसली हमी लिहून देणार?

उत्तर प्रदेशातल्या एका विक्रेत्याचे पाहा. १९९५ मध्ये त्याच्या दुधाचा नमुना घेतला. स्निग्धांश ४.६ टक्के, म्हणजे चांगलाच. पण स्निग्धांश वगळून उरणारे घनपदार्थ ८.५ टक्के हवेत, ते ७.७ भरले. सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची कैद कायम केली ती २०१९ मध्ये! दूध अपायकारक होते हे दाखवण्याचीही गरज नाही, ठरवून दिलेले प्रमाण पाळलेच पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे. चोवीस वर्षे तारखा मोजलेल्या त्या माणसाची मला कीव येते. तरी निकाल चुकला असे म्हणवत नाही. संकलन केंद्रावर फॅट आणि ‘डिग्री’ पाहून भाव मिळतो. पाणी घातले की डिग्री उतरते, साय काढली की चढते. दोन्ही बेताने केले की लॅक्टोमीटर बिचारा गप्प. ‘थोडेसे चालते’ असे एकदा म्हटले की ते थोडेसे प्रत्येक हाताबरोबर वाढत जाते, आणि शेवटी तान्ह्या मुलाच्या वाटीत पाणीच उरते.

५ ऑगस्ट २०११ पासून २००६ चा अन्नसुरक्षा कायदा जुन्याच्या जागी आला. त्याने एक शहाणपणाची रेघ ओढली. नुसते कमी दर्जाचे दूध विकले तर पाच लाखांपर्यंत दंड. तुरुंग आहे तो असुरक्षित अन्नासाठी. त्याने कुणी दगावले तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि वारसांना किमान पाच लाख भरपाई. योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करून सुटण्याची सोयही आहे. अर्थात कागद लागतोच!

आता आपल्या घराघरांतले आवडते वाक्य: ‘हल्ली सगळेच दूध भेसळीचे.’ २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त १२. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ते येते बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून. इथे भेसळ कुणीच केलेली नसते. मग गुन्हेगार कोण? पेंड विकणारा, ती ओलीत साठवणारा, की पुन्हा तो माप ओतणारा?

आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून दूध तपासून घेऊ शकतो. नमुना दोषी निघाला तर शुल्क परत मिळते. अट एवढीच, की तपासणीला देणार असल्याचे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचे. वीस वर्षे रतीब घालणाऱ्या गवळीदादांना दारात उभे राहून हे कुणी सांगायचे, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही. सौभाग्यवती म्हणतात, “अहो, कायदा तुम्ही वाचलात, तुम्हीच सांगा.”