जखमी समुद्री कासव दिसलं, तर पाण्यात सोडायचं का?

विट्यातून जाणारा गुहागर-विजापूर महामार्ग थेट कोकण किनाऱ्यावर पोहोचतो. सुट्टीत गुहागरला गेलात आणि वाळूत जखमी कासव दिसलं, तर अनेकांचा पहिला विचार असतो, उचलून पाण्यात सोडूया. नेमकं तेच करू नका.

कारण काय?
समुद्री कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. अशक्त कासवाला डोकं पाण्याबाहेर काढता आलं नाही, तर ते बुडून मरतं.

जखम कशाने होते?
बऱ्याचदा समुद्रात सोडून दिलेल्या तुटक्या जाळ्यांमुळे. जाळं वल्ह्यासारख्या पायाला आवळतं, रक्तपुरवठा थांबतो आणि कधी पाय कापावा लागतो.

काय करायचं?
सावली करा. पाठीवर ओलं फडकं टाका, नाक-तोंड मोकळं ठेवा. खायला देऊ नका, रुतलेलं जाळं ओढू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

रात्री धडधाकट मादी वाळू उकरताना दिसली, तर ती अंडी घालायला आली आहे. लांबच राहा.

पुढे काय होतं?
पालघर जिल्ह्यात डहाणूला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. अशा केंद्रात जखमेवर उपचार होतात, मग टाकीत पोहण्याची परीक्षा. कासव नीट बुडी मारून स्वतः खाऊ लागलं, की त्याला समुद्रात सोडतात. एक पाय गमावलेलं कासवही पुन्हा पोहू शकतं. फक्त ते वेळेवर उपचारांपर्यंत पोहोचायला हवं.