पाकटाच्या आतड्यातली दहा वर्षं

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या विभागातली स्लाइडांची लाकडी खोकी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताना पाहिली. एकावर माझंच अक्षर होतं: ‘पाकट, रत्नागिरी, 1984’.

मुशी आणि पाकट यांच्या पोटातल्या पट्टकृमींचं वर्गीकरण करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कारुसने 1863 मध्ये टेट्राफिलिडिया हा गण मांडला, साउथवेलने 1925 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढची कित्येक वर्षं जागा न सापडलेला कृमी याच गणात टाकण्याची रीतच पडून गेली.

ऐंशीच्या दशकात आम्ही पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर हजर असायचो. लिलाव उरकला की मासे कापणाऱ्या बायका आतडी बाजूला ठेवत. “ही घाण कशाला नेता, मास्तर?” असं विचारत, पण ठेवत. आतडं उभं चिरलं की आत गोल जिन्यासारखी फिरत गेलेली पडदी दिसे, आणि तिच्या घड्यांत रुतलेले पांढरे धागे. कार्माइनने रंगवलेलं अकँथोबोथ्रियमचं डोकं भिंगाखाली धरलं, की चार पाळ्या आणि प्रत्येक पाळीवर दुभंगलेल्या आकड्यांची जोडी! त्या दृश्यावर मी जीव टाकला.

पण आकड्याची लांबी जराशी वेगळी भरली की नवी प्रजाती, असा आमच्याकडे खाक्या होता. मार्गदर्शकांना शोधनिबंधांची संख्या हवी असे. मूळ नमुना संग्रहालयात जमा करू म्हटलं की उत्तर ठरलेलं: “नंतर बघू.” मासा नेमका कोणता, हे तपासायलाही कुणाला सवड नव्हती. त्या निबंधांवर माझी सही आहे, आणि ती मला आजही खुपते.

पुढे देठावर पाळ्या असलेल्या कृमींचा गण 2009 मध्ये टेट्राफिलिडियातून वेगळा झाला. 2014 मध्ये कायरा, जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे उरलेला ढीग उपसला. माझं आकडेवालं अकँथोबोथ्रियम गोड्या पाण्यातले मासे, बेडूक आणि साप यांच्यातल्या कृमींच्या पंगतीला जाऊन बसलं. मला ते मनापासून पटलं. 2016 मध्ये पाकटांचीही नव्याने विभागणी झाली आणि आम्ही ‘हिमांतुरा’ म्हणून लिहिलेल्या माशांची नावं डळमळली. पुन्हा तपासायचं, तर आमचे कृमी फॉर्मॅलिनमध्ये मुरलेले. त्यांचा डीएनए वाचायचा कसा? आमची कितीतरी नावं आता संशयित म्हणून पडून आहेत. ती तपासायला निदान या स्लाइडा तरी होत्या, आणि त्या रद्दीच्या भावाने गेल्या.

हातगाडीवरून मी ते एक खोकं उतरवून घेतलं. घरी आणून खिडकीशी एकेक स्लाइड पाहिली. काच चिकटवायला वापरलेला बाल्सम पिवळा पडलाय, पण आठही आकडे स्वच्छ मोजता येतात. चिठ्ठ्यांवर मात्र ‘पाकट’ यापुढे माशाचं नाव नाही.